तिसरी किल्ली

कंपनीचं ओळखपत्र टेबलावरच राहिलं म्हणून गोरक्षनाथ नागापूरच्या पुलापासून माघारी वळला, दोन-दोन पायऱ्या चढत दुसऱ्या मजल्यावर आला आणि बघतो तर त्याच्या घराचा जाळीचा दरवाजा सताड उघडा. वीस मिनिटांपूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं कुलूप लावलं होतं, आणि कुलूप तीनदा ओढून बघितल्याशिवाय जिना उतरेल असा माणूस तो नव्हे. कुलूप कडीला लोंबत होतं. तोडलेलं नव्हतं, किल्लीनं नीट उघडलेलं होतं. उंबऱ्यावर समोरच्या घरातल्या बिस्मिल्ला खाला उभ्या होत्या. एका हातात जाळीची कड, दुसऱ्या हातात किल्ली, आणि आत कुणाला तरी हाक मारायची म्हणून तोंड अर्धवट उघडलेलं. घरात हाक मारायला कुणी नव्हतं. त्याची बायको धनश्री आणि संस्कृती पावणेसातलाच शाळेत गेल्या होत्या, आई शिकवायला आणि लेक शिकायला. आणि गोरक्षनाथची आई जाऊन आज सतरावा दिवस होता.

पावलं ऐकून खाला वळल्या. चोरी करताना पकडलेल्या बाईनं घाबरावं तशा त्या घाबरल्या नाहीत. झोपेतून कुणी गदागदा हलवून उठवल्यावर माणूस बघतं तशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "पाय आपोआप आले, दादा," त्या म्हणाल्या. "कुलपाचा आवाज झाला, तुमची गाडी गेली, आणि मी रोजच्यासारखी उठले. कसम से, मावशी नाहीत हे ध्यानातच नव्हतं. इतके दिवस पाहुणे होते घरात, दरवाजा उघडाच असायचा. आज पहिल्यांदा कुलूप वाजलं ना." त्यांनी हातातल्या किल्लीकडे बघितलं. "उघडल्यावर आठवलं."

"रोजच्यासारखी म्हणजे?" गोरक्षनाथनं विचारलं खरं, पण त्याची नजर किल्लीवरून हलेना. ती तिसरी किल्ली होती. कुलपाबरोबर तीन आल्या होत्या. एक त्याच्याकडे, एक धनश्रीच्या पर्समध्ये, आणि एक फडताळातल्या खिळ्याला. महिन्याच्या आत ती खिळ्यावरची गेली. तेव्हा त्यानं सगळं घर उलटंपालटं केलं होतं, संस्कृतीच्या दप्तराची झडती घेतली होती, धनश्रीशी दोन दिवस अबोला धरला होता. कंपनीत स्टोअर सांभाळणाऱ्या, दिवसभर किल्ल्यांचा जुडगा कमरेला वागवणाऱ्या माणसाच्या घरातून किल्ली हरवते म्हणजे काय! आई जाळीपाशी बसकर टाकून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. मान वर न करता म्हणाली होती, "मी न्हाई बघितली बाबा." आई खोटं बोलत नाही हे तो लहानपणापासून धरून चालला होता. म्हणून त्यानं तिला पुन्हा विचारलंसुद्धा नाही. आता ती किल्ली खालांच्या हातात होती, तिला लाल दोरा बांधलेला होता, आणि तो दोरा आईनं पूजेसाठी ठेवलेल्या पुडीतला होता हे त्याला लगेच ओळखू आलं.

आईचं सगळं आयुष्य शनिशिंगणापुरात गेलं, जिथं घराला चौकट असते आणि चौकटीला दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून झोपताना एक पत्रा आडवा लावायचा, एवढाच बंदोबस्त. वडील गेले तेव्हाही त्या उघड्या घरात ती एकटी राहिली आणि तिला कशाची भीती वाटली नाही. संस्कृती तीन महिन्यांची झाली, धनश्रीची रजा संपली, आणि गोरक्षनाथनं फोन केला तशी ती दुसऱ्या दिवशी दोन लुगडी पिशवीत घालून नगरला आली. घर बंद करायचा प्रश्नच नव्हता. शेजारणीला "येते गं" म्हणाली आणि एसटीत बसली. ती "येते" नऊ वर्षं चालली. त्या नऊ वर्षांत संस्कृतीला पहिला दात आला, गोवर आला, पाढे आले, आणि प्रत्येक वेळी मांडी आईची होती. नातीला घास भरवताना ती स्वतःचं तोंड उघडायची. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण शाळेच्या व्हॅनचा नंबर तिनं आकडे बघून बघून पाठ केला होता, आणि व्हॅन दोन मिनिटं उशिरा आली की गेटवरच्या छगन वॉचमनचं डोकं खायची. गोरक्षनाथला हे सगळं दिसायचं आणि बरं वाटायचं. त्यानं तसं कधी तिला बोलून दाखवलं नाही, एवढं मात्र खरं. आईला काय बोलून दाखवायचं, असं त्याला वाटायचं.

फक्त दाराचं तिला जमलं नाही. खाली भाजीवाल्याची हाक आली की ती तशीच उठून जायची, मागं घर उघडं. त्यानं प्रेमानं सांगितलं, चिडून सांगितलं, संस्कृतीकडून सांगून बघितलं. ती हो म्हणायची आणि विसरायची. ज्या हाताला साठ वर्षं दार लोटायचं वळणच नाही, तो हात बिचारा काय करणार. दोन वर्षांपूर्वी ती मेथीची जुडी आणायला गेली आणि पाच मिनिटांत कंपनीचा लॅपटॉप गेला. आईचा विश्वासच बसेना. "घरातून कसं कुनी न्हेईल?" हेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती, जिन्यात जमलेल्या शेजाऱ्यांना, जणू कुणीतरी ठेवायला नेला असेल आणि परत आणून देईल. तेव्हा तो सगळ्यांच्या देखत ओरडला. "हे शिंगणापूर नाही आई, नगर आहे! कळतं का तुला काही?" संस्कृती आजीच्या लुगड्यामागं गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं जाळीच्या दरवाजाला बाहेरून कुलूप आणलं. नऊपासून धनश्री सव्वादोनला येईपर्यंत आई आत, कुलूप बाहेर. "लाव बाबा," आई म्हणाली होती. "तुजं मन कामात लागंल." मग रोज सकाळी तो कुलूप लावायचा आणि जाळीच्या पलीकडून ती म्हणायची, "सावकाश जा." दोन वर्षं तो सावकाश गेला आणि त्याचं मन कामात लागलं. अगदी खरं सांगायचं तर त्याला एकदाही टोचलं नाही. टोचलं ते सतरा दिवसांपूर्वी, धनश्रीचा फोन आला तेव्हा. तेव्हापासून डोळा मिटला की जाळी दिसायची आणि जाळीमागं बसकरावर बसलेली आई.

आणि डॉक्टर. दवाखान्यात धनश्री बाहेर नातेवाइकांना फोन लावत होती तेव्हा डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाजूला घेतलं होतं. चांगला माणूस, हळू बोलणारा. "घरी कुणी नव्हतं का?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "त्रास सुरू झाल्यावर तासाभरात आणलं असतं तर हाताशी काहीतरी लागलं असतं." गोरक्षनाथनं मान हलवली, बाहेर आला आणि धनश्रीला म्हणाला, "झोपेतच गेली म्हणे. क्षणात. काही कळलंच नसणार." हेच त्यानं भावकीला सांगितलं, कंपनीत सांगितलं, संस्कृतीला सांगितलं. प्रवरासंगमावर दशक्रियेला कावळा शिवेना. मामा हात जोडून ओरडत होते, "राहीबाई, नातीला काय कमी पडू देनार न्हाई!" चुलते ओरडले, "गोरखला संबाळू आमी!" काय म्हणायला हवं हे गोरक्षनाथला एकट्यालाच माहीत होतं, आणि ते चारचौघांत म्हणायची त्याची छाती झाली नाही. शेवटी कुणीतरी शेव-बुंदी टाकली आणि कावळा आला. भावकी समाधानानं जेवायला बसली. त्याला घास गिळेना, तर लोक म्हणाले, किती जीव होता आईवर.

"दोन वर्षं, दादा," बिस्मिल्ला खाला सांगत होत्या. त्या आता जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या आणि तो कठड्याला धरून उभा होता. "मावशींनीच चावी दिली मला, जाळीतून. म्हणाल्या, गोरख गेला की उघड आन् सूनबाई यायच्या आत लाव. मी म्हटलं, मावशी, दादांना कळलं तर? तर म्हणाल्या, त्याला कशाला कळतंय. कुलूप लावल्यावर त्याला बरं वाटतं, मला उघडल्यावर बरं वाटतं. दोघांचं बी हुतंय." खालांनी आईचं बोलणं इतकं हुबेहूब केलं की त्याच्या अंगावर काटा आला. मग त्या सांगत गेल्या आणि तो ऐकत गेला. आई रोज गच्चीवर जायची. कुणाच्या कुरडया, कुणाचे गहू, सगळ्या बिल्डिंगचं वाळवण तिच्या ताब्यात. तळमजल्यावरच्या सविताला जुळ्या मुली झाल्या तर दोघींना तेल लावून न्हाऊ घालायला आई. खालांचा नातू, हुमेराचा कैफ, त्याला सव्वा महिना पायावर घेऊन अंघोळ घालणारी आई. "आमच्यात कुणी असं घालत नाही आता," खाला म्हणाल्या. "कैफ रडायचा तर मावशी त्याला म्हणायच्या, रड की मर्दा, गोरख तुज्यापरीस मोठ्यानं रडायचा."

गोरक्षनाथला आठवलं, मागच्या वर्षी एकदा ताप भरला म्हणून तो दुपारी बाराला घरी आला होता. आत शिरताना छगननं गेटच्या लोखंडी पाइपवर दांडकं दोनदा वाजवलं. कुत्रं हाकलत असेल, असं त्याला वाटलं. वर आला तर कुलूप जागेवर, आई जाळीमागं, पण तिला धाप लागलेली आणि हाताला तिळाच्या तेलाचा वास. "धाप का लागली गं?" "म्हातारपन हाय बाबा, लागनारच." आणि खालांचं दार तेव्हा नुकतंच बंद होत होतं. म्हणजे छगनला माहीत होतं. सविताला, हुमेराला, खालांच्या नवऱ्याला हैदरभाईंना, सगळ्या तीन मजल्यांना माहीत होतं. "संस्कृतीला?" त्यानं विचारलं. खाला म्हणाल्या, "सुट्टीत ताई पेपर तपासायला जायच्या ना, तेव्हा ती पण असायची गच्चीवर. पोर शहाणी आहे, दादा. एक शब्द बोलली नाही." नऊ वर्षांची त्याची पोरगी रोज रात्री त्याच्याशेजारी बसून जेवत होती आणि एक शब्द बोलली नव्हती. त्याला वाटलं, आपण ज्या घरात राहत होतो ते हे नव्हेच. इथं दुसरंच कुणीतरी राहत होतं, हसत होतं, वाळवण घालत होतं, आणि आपण आत आलो की सगळे आपापल्या जागी बसत होते. त्याला चीड आली. लाज वाटली. आणि त्या दोन्हींच्या खालून काहीतरी हलकं, गुदगुल्या झाल्यासारखं वर आलं. आई जाळीमागं नव्हती. दोन वर्षं, सकाळी नऊ ते दोन, ती उन्हात होती, पोरांना न्हाऊ घालत होती. सतरा दिवस तो जिच्यासाठी तळमळत होता ती कोंडलेली बाई कधी नव्हतीच. तो खालांच्या दोन पायऱ्या खाली बसला आणि मोठ्यानं हसणार तेवढ्यात त्याच्या मनात आलं, मग त्या दिवशी?

त्या दिवशी कुलूप होतं. धनश्रीनं स्वतः उघडलं होतं. तिनं फोनवर पहिलं वाक्य तेच सांगितलं होतं, कुलूप उघडून आत आले तर आई उठेनात. "त्या दिवशी तुम्ही घरी नव्हता का?" गोरक्षनाथनं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. खाला गावाला गेल्या असतील, जामखेडला त्यांचं माहेर आहे. घरीच होते म्हणाल्या तर काय, हे त्याला ऐकायचं नव्हतं आणि ऐकल्याशिवाय तिथून उठायचंही नव्हतं.

"होते," खाला म्हणाल्या. ओढणीचं टोक त्यांनी मुठीत धरलं. "उघडलं होतं. मावशी आमच्याकडेच होत्या. कैफला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, बिस्मिल्ला, ह्याला धर गं, छातीत लई भरून आलंय. साडेअकरा झाले असतील. घाम इतका की पाठ भिजली. मी म्हटलं रिक्षा आणते, दादांना फोन करते. तर हात धरला माझा. म्हणाल्या, आदी मला आत घाल. आत घाल आन् कुलूप लाव. भाईर हुते असं गोरखला कळलं तर तुज्यावर ओरडल. तुज्यावर ओरडलेलं मला खपायचं न्हाई." खालांनी मुठीतलं टोक पिळलं. "मी म्हटलं, ओरडू देत. तर रडायला लागल्या, दादा. मावशींना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. म्हणाल्या, जरा पडते, बरं वाटंल, सूनबाई येतीलच. मी नेऊन चटईवर निजवलं. कुलूप लावलं. पाऊण तासानं जाळीतून बघितलं, तर झोप लागल्यासारखं वाटलं. मी नमाज पढायला गेले. मला वाटलं झोपल्यात. खरंच वाटलं."

साडेअकरा. दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर. धनश्री आली सव्वादोनला. गोरक्षनाथच्या डोक्यात हे आकडे आपोआप एकाखाली एक बसले, स्टोअरमधल्या मालासारखे, आणि वर डॉक्टरांचं वाक्य येऊन बसलं. तासाभरात. त्याच्या तोंडात शब्द तयार झाले. तुम्ही कुलूप लावलंत. माझ्या आईला जिवंतपणी, घामाघूम असताना आत घालून तुम्ही कुलूप लावलंत. सतरा दिवस त्याला असं कुणीतरी हवं होतं. ते कुणीतरी आता पायरीवर बसलं होतं, अठ्ठावन्न वर्षांची, गुडघे दुखणारी बाई, आणि एका वाक्यात सगळं ओझं तिच्या अंगावर टाकता येण्यासारखं होतं. तिनं ते उचललं असतं. ती त्यासाठीच बसली होती. पण ते वाक्य जिभेवर येईपर्यंत त्याला आईचं वाक्य ऐकू यायला लागलं, खालांच्या तोंडून आलेलं, ओरडल, तुज्यावर ओरडल. छातीत कळ येत असताना आईच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. देव नाही, दवाखाना नाही, नात नाही. पोरगा ओरडेल. आपल्याला नव्हे, शेजारणीला ओरडेल. आपल्याला ओरडलेलं तर तिनं केव्हाच अंगवळणी पाडून घेतलं होतं. त्याला जिन्यातला तो दिवस आठवला, मग त्याआधीचे, मग त्यानंतरचे, मीठ जास्त झालं म्हणून, टीव्हीचा आवाज मोठा म्हणून, किल्ली हरवली म्हणून. त्याला वाटायचं, आपण जरा चिडखोर आहोत, पण मनानं चांगले आहोत. आईही सगळ्यांना तसंच सांगायची. मनानं लई चांगला हाय माजा गोरख. आणि ती मरणाला सामोरी गेली तेव्हा तिला त्याच्या चांगल्या मनाचा भरवसा वाटला नव्हता.

समोरच्या घरातून कैफच्या रडण्याचा आणि हुमेराच्या चुचकारण्याचा आवाज येत होता. खाली छगन कुणाला तरी गाडी नीट लाव म्हणून सांगत होता. कंपनीत आतापर्यंत दोनदा तरी त्याची आठवण निघाली असेल. फोन खिशात थरथरला आणि थांबला.

"दादा," खाला म्हणाल्या. "मी सांगणार होते. रोज सांगणार होते. तुमच्या घरी माणसं होती, हिंमत झाली नाही. हैदर म्हणाले, सांगून काय होणार. पण मला घास उतरत नाही. नमाजला बसले की तेच दिसतं, मी कडी लावतेय आणि मावशी आतून बघतायत." त्यांनी किल्ली त्याच्यापुढे पायरीवर ठेवली. मग मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "डॉक्टर काय म्हणाले, दादा? मी तेव्हाच रिक्षा आणली असती, तर मावशी वाचल्या असत्या का?"

आयुष्यात त्याला कुणी इतकं सरळ काही विचारलं नव्हतं. उत्तर त्याच्याजवळ होतं, आणि ते साऱ्या जगात त्याच्या एकट्याजवळ होतं. ते द्यावं असं त्याला फार वाटलं. निदान अर्धं तरी द्यावं.

"नाही," गोरक्षनाथ म्हणाला. "मी विचारलं होतं डॉक्टरांना. म्हणाले, दहा मिनिटांत आणलं असतं तरी उपयोग नव्हता."

"खरं?"

"खरं, खाला. तुमच्या हातात काही नव्हतं."

बिस्मिल्ला खाला ओढणीत तोंड घालून रडल्या. सतरा दिवसांचं सगळं रडल्या, आवाज करून, अंग हलवून. वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून परत गेलं. गोरक्षनाथ ते रडणं बघत बसला. असं रडता आलं तर काय होईल, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो त्याला नीट पुरा करता आला नाही. हळूहळू खाला शांत झाल्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला, अगदी डोळ्यांदेखत. मग मोठ्या बहिणीनं ठेवावा तसा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग तुम्ही पण मनाला लावून घेऊ नका, दादा," त्या म्हणाल्या. "मी बघते ना, किती वाळलात. कुलूप नसतं तरी मावशी गेल्याच असत्या."

"हो," गोरक्षनाथ म्हणाला. "कुलूप नसतं तरी."

खालांना ते पटलं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.